यात जांभळा रंग कुठाय?

२००७ मध्ये ‘स्पायडर-मॅन ३’ आला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तो चित्रपट भारतात भोजपुरीतही डब झाला होता, हे मला फार नंतर कळलं आणि आपण तो हिंदीत पाहिला याचं आजही वाईट वाटतं. असो. त्यातला काळा चिकट पदार्थ अंगावर चढून स्पायडर-मॅनचा सूट काळा होतो, तो सीन मी शाळेत मधल्या सुट्टीत बेंचवर उभा राहून करून दाखवायचो.

तो सूट मुळात एका कागदावर जन्मला होता. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस शहरात हेरिटेज ऑक्शन्सने तो कागद लिलावात विकला. मार्व्हलच्या ‘सीक्रेट वॉर्स’ मालिकेचा आठवा अंक, साल १९८४, पान २५. पेन्सिल माइक झेकची, शाई जॉन बिटीची. बोली ३ लाख ३० हजार डॉलरवर सुरू झाली आणि ३३ लाख ६० हजारांवर थांबली. तेव्हाच्या दराने साधारण २५ कोटी रुपये. त्याच दिवशी सुपरमॅनचा पहिला अंक, ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ क्रमांक १ ची एक छापील प्रत ३१ लाख ८० हजारांना गेली. म्हणजे एका दुय्यम मालिकेतलं शेवटाकडचं एक पान सुपरमॅनच्या जन्माला मागे टाकून गेलं.

ही बातमी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आली आणि एका सहकाऱ्याने लगेच लिहिलं, “नॉस्टॅल्जिया टॅक्स. लहानपणी आईने कॉमिक घेऊन दिलं नाही, त्याचा हिशेब पन्नाशीत चुकता करतायत.” मी लिहिलं, “चित्र भारी असेल रे.” पान न बघता लिहिलं. नंतर बघितलं, आणि तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून गेलेला नाही. माणसं नक्की कशाचे पैसे देतात? चित्राचे, की आठवणीचे?

आधी हे ‘ओरिजिनल पान’ प्रकरण काय असतं ते सांगतो, कारण आपण सगळे फक्त छापील कॉमिक बघून मोठे झालो. अमेरिकन कॉमिकचं ओरिजिनल म्हणजे अकरा बाय सतरा इंचांचा जाड ब्रिस्टल बोर्ड. छापलेल्या पानापेक्षा दीडपट मोठा; साठीच्या दशकात तर त्याहून मोठा असायचा. आधी एक जण पेन्सिलने काढतो, दुसरा त्यावर शाई फिरवतो, तिसरा संवाद लिहितो. चुकलं तिथे पांढरा रंग फासलेला असतो, बदललेल्या संवादाचा कागद वर चिकटवलेला असतो, कडेला संपादकाने काहीतरी खरडलेलं असतं. काही ठिकाणी फिकट निळी पेन्सिल दिसते. छपाईच्या कॅमेऱ्याला ती दिसायची नाही म्हणून वापरायचे. आणि मुख्य म्हणजे पान काळं-पांढरं असतं. रंग वेगळ्या कागदावर, वेगळ्या माणसाने ठरवलेले असत. छपाई झाली की या बोर्डाचं काम संपलं. कोडच्या भाषेत सांगायचं तर हा सोर्स होता आणि कंपन्यांना फक्त बिल्डशी देणंघेणं होतं.

इतकं कमी, की कित्येक पानं हरवली, चोरीला गेली, कुणालाही देऊन टाकली गेली. जॅक कर्बी, ज्याने मार्व्हलचं अर्धं जग उभं केलं, त्याला स्वतःची पानं परत मिळवायला ऐंशीच्या दशकात कंपनीशी जाहीर भांडावं लागलं. त्याने मार्व्हलसाठी काढलेली पानं दहा हजारांच्या वर होती असा अंदाज आहे. १९८७ मध्ये परत आली ती दोन हजारांच्या आसपास.

आता ते पान २५. स्पायडर-मॅनचा सूट फाटलाय, तो एका यंत्रापाशी जातो, त्यातून एक काळा गोळा त्याच्या हातावर येतो, पसरत जातो आणि जुना सूट गिळून टाकतो. झेक चांगला कथनकार आहे. डोळा कुठे अडत नाही, काय घडतंय ते संवाद न वाचता समजतं. पण ते एक कामाचं पान आहे. वेळेत दिलेलं, नीटनेटकं. त्यात असा एकही क्षण नाही की जिथे तुम्ही थांबून म्हणाल, हे दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं. झेकनेच यापेक्षा चांगली पानं काढली आहेत आणि ती या किमतीच्या जवळपासही फिरकलेली नाहीत. त्या काळ्या सूटची मूळ कल्पनासुद्धा एका चाहत्याने पत्रातून पाठवली होती. १९८२ मध्ये मार्व्हलने ती त्याच्याकडून २२० डॉलरला विकत घेतली. शून्यं मोजायची ती तुम्हीच मोजा.

मग सहकारी बरोबर होता का? तसंही नाही. आमच्या धंद्यात एखाद्या बदलाचा परिणाम बघायचा तर बाकी सगळं सारखं ठेवून एकच गोष्ट बदलतात. लिलावांच्या निकालांत अशा जोड्या आपोआप सापडतात. माझी आवडती जोडी ६ लाख ५७ हजार २५० डॉलरची आहे.

२०१२ मध्ये टॉड मॅकफार्लेनचं एक मुखपृष्ठ या किमतीला गेलं. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ ३२८, साल १९९०. स्पायडर-मॅन हल्कला असा ठोसा मारतोय की हल्क अक्षरशः पानाबाहेर उडतोय. मॅकफार्लेन आवडो न आवडो, सही नसतानाही त्याचं काम ओळखू येतं. इतक्या रेघा, इतकं जाळं, प्रत्येक स्नायूला इतका ताण, की कुणीतरी त्याला जेवायला बोलावून शांत बसवावंसं वाटतं. पण ते चित्र म्हणून उभं राहतं. नायक कोण, कथा काय, हे माहीत नसलेल्या माझ्या बहिणीलाही ते दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “बाप रे.”

२०१४ मध्ये बरोबर त्याच किमतीला, शेवटच्या आकड्यापर्यंत त्याच, ‘इनक्रेडिबल हल्क’ १८० चं शेवटचं पान गेलं. साल १९७४, पेन्सिल हर्ब ट्रिंपची. पानभर हल्क आणि वेंडिगो यांची मारामारी आहे आणि अगदी शेवटच्या चौकटीत नखं परजून एक बुटका माणूस उडी मारतो. तो वुल्व्हरिन. जगाला झालेलं त्याचं पहिलं दर्शन. त्याचा पोशाखही ट्रिंपने ठरवलेला नव्हता, तो जॉन रोमिटाने काढून दिला होता. बहिणीला हे पान दाखवलं. ती म्हणाली, “बरं मग?”

दोन पानं, एक किंमत, आणि एकात विकलं गेलेलं दुसऱ्यात नाही. आता नीट बघितलं तर हल्कच्या पानात नॉस्टॅल्जियाही नाही. १९७४ च्या ज्या पोराने तो अंक विकत घेतला, त्याच्या दृष्टीने वुल्व्हरिन कुणीच नव्हता. ती शेवटची चौकट त्याच्या मनात ठसायचं काही कारणच नव्हतं. वुल्व्हरिन मोठा झाला तो पुढे, एक्स-मेनमध्ये, मग कार्टूनमध्ये, मग ह्यू जॅकमनमध्ये. किंमत दिली गेली ती आठवणीला नाही, इतिहासातल्या नोंदीला: ‘पहिल्यांदा इथे’. जन्मदाखल्यासारखं. जन्मदाखला कुणी अक्षर सुंदर आहे म्हणून जपत नाही, आणि कुणाला तो लिहिला गेल्याचा क्षणही आठवत नसतो.

ट्रिंपचं थोडं सांगायलाच हवं. त्याने ते पान १९८३ मध्ये एका किशोरवयीन चाहत्याला असंच देऊन टाकलं होतं. नव्वदीच्या दशकात मार्व्हलने त्याला कामावरून कमी केलं, वयाच्या छपन्नाव्या वर्षी तो बेकार झाला आणि त्याबद्दल त्याने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. पान विकणाऱ्याने बहुतेक रक्कम अडचणीतल्या कॉमिक कलाकारांना मदत करणाऱ्या हीरो इनिशिएटिव्ह या संस्थेला दिली, हे चांगलंच झालं. पण अमेरिकेत चित्र पुन्हा विकलं गेलं तर चित्रकाराला कायद्याने काही मिळत नाही. जन्मदाखला लिहिणाऱ्या कारकुनाला कुठे काय मिळतं म्हणा.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. पॅरिस, जानेवारी २०२१, आर्टक्युरिअलचा लिलाव. ‘द ब्लू लोटस’ या टिनटिनच्या अल्बमसाठी हर्जेने १९३६ मध्ये रंगवलेलं मुखपृष्ठ: काळ्या भिंतीवर लाल ड्रॅगन, खाली मोठ्या फुलदाणीतून डोकावणारा टिनटिन आणि त्याचा कुत्रा. किंमत शुल्कासह सुमारे ३२ लाख युरो. तुमच्यापैकी कुणी टिनटिन वाचला असेल तर म्हणाल, ड्रॅगन तर काळा आहे आणि मागचं लाल आहे. बरोबर. छापलेलं मुखपृष्ठ तेच. हे वेगळं, नाकारलेलं. इतके रंग छापणं फार महाग पडेल म्हणून बाजूला ठेवलेलं. हर्जेने ते प्रकाशकाच्या सात वर्षांच्या मुलाला देऊन टाकलं आणि ते घड्या घालून ड्रॉवरमध्ये पडून राहिलं, असं सांगितलं जातं. ही गोष्ट सगळ्यांना मान्य नाही, पण कागदावर घड्या आहेत.

म्हणजे हे चित्र कुणाच्याही बालपणात नव्हतं. ते दुकानात लागलंच नाही, त्याला चिकटलेली एकही आठवण असणं शक्य नाही. तरी त्या वेळपर्यंत कॉमिकच्या कुठल्याही चित्राला मिळाली नव्हती इतकी किंमत त्याला मिळाली. आणि ते चित्र खरंच छापलेल्या मुखपृष्ठापेक्षा चांगलं आहे, असं माझं मत. छापलेल्यात ड्रॅगन धमकावतो. यात अंधार धमकावतो आणि ड्रॅगन त्या अंधारातून तुमच्या लक्षात येतो. ‘ब्लू लोटस’ हे तसंही हर्जेच्या आयुष्यातलं वळण. त्याआधीचे त्याचे परदेश म्हणजे ऐकीव गमती होत्या. इथे त्याला ब्रुसेल्समध्ये शिकणारा झांग चोंगरेन नावाचा चिनी मित्र भेटला आणि त्याने शांघायच्या पाट्यांवरची अक्षरंसुद्धा खरी लिहून दिली. ते काळजीपूर्वक बघणं या चित्रात उतरलंय.

पण मी स्वतःला इथेच थांबवतो. हेच चित्र, याच ताकदीचं, एखाद्या विसरल्या गेलेल्या बेल्जियन चित्रकाराचं असतं, फुलदाणीत टिनटिनऐवजी कुणी अनोळखी मुलगा असता, तर? तीन हजार युरो मिळाले असते की नाही शंका आहे. म्हणजे लोकांना या चित्राची आठवण नव्हती, पण या चित्रात शिरायचं दार आठवणीचंच होतं.

माझ्यापुरतं मी असं मांडलंय. कोण बोलीला बसणार, हे आठवण ठरवते. बोली किती चढणार, हे बहुतेक वेळा जन्मदाखला ठरवतो. आणि चित्राचा दर्जा? तो फार उशिरा बोलतो. आठवण असलेली माणसं मेल्यावर.

विन्झर मॅके याची ‘लिटल निमो’ १९०५ मध्ये वर्तमानपत्रात सुरू झाली. ती लहानपणी वाचलेला एकही माणूस आज जिवंत नाही. जॉर्ज हेरिमनची ‘क्रेझी कॅट’ तर तिच्या काळातही फार लोकप्रिय नव्हती; मालक हर्स्टला आवडायची म्हणून १९४४ पर्यंत, हेरिमनच्या मृत्यूपर्यंत, टिकली. एक मांजर, तिच्या डोक्यात वीट मारणारा उंदीर, मागे दर चौकटीत बदलणारं वाळवंट. बस्स. तिच्या रोजच्या स्ट्रिपच्या ओरिजिनललाही आज हजारो डॉलर पडतात, रविवारच्या पानाला त्याच्या कितीतरी पट. इथे नॉस्टॅल्जिया नाही, पहिलं दर्शन नाही, सिनेमा नाही. फक्त रेघ आहे. ज्या दिवशी काळ्या सूटवर वाढलेली माझी पिढी संपेल, त्या दिवशी पान २५ चं काय होईल, हे बघायला मी नसेन. पण पैज लावायचीच तर मी हेरिमनवर लावेन.

आणखी एक उदाहरण, जे माझ्या मांडणीत कुठेच बसत नाही. स्पायडर-मॅनची पहिली गोष्ट ज्या अंकात आली, त्या १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’ १५ ची स्टीव्ह डिटकोने काढलेली सगळी, म्हणजे २४ ओरिजिनल पानं २००८ मध्ये कुणीतरी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. फुकट. नाव न सांगता. दर्जा, आठवण, जन्मदाखला, सगळं त्या एका गठ्ठ्यात होतं. त्याची किंमत आता कधीच कळणार नाही, आणि हे मला फार आवडतं.

*

हे सगळं मी नुसतं स्क्रीनवर वाचून लिहिलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी बोनस मिळाला तेव्हा मीही एक ओरिजिनल घेतलं. बाबांसाठी.

बाबा इंद्रजालचे. त्यांच्या लहानपणी गावात भाड्याने पुस्तकं देणारं एक दुकान होतं आणि तिथे बसूनच वाचायचं, घरी नेलं तर जास्त पैसे. वेताळ, मँड्रेक, नंतर बहादूर. वेताळाच्या कवटीच्या अंगठीसारखा ठसा उमटावा म्हणून त्यांनी एकदा बटाटा कोरून त्याचा शिक्का धाकट्या काकाच्या गालावर मारला होता. आमच्या घरी दर गणपतीत ही गोष्ट होते आणि काका दर वेळी तितकाच चिडतो.

वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम. अमेरिकेत आज त्याला फारशी मागणी नाही. त्याची जुनी माया भारतात, ऑस्ट्रेलियात, स्वीडनमध्ये. त्यामुळे सत्तरीतली साय बॅरीची एक रोजची स्ट्रिप मला माझ्या फोनपेक्षा कमी किमतीत मिळाली. हातभर लांब जाड कागद, तीन चौकटी. पहिलीत वेताळ घोड्यावर, दुसरीत झाडीत दबा धरून बसलेले दोघे, तिसरीत त्याची मूठ. बॅरीने १९६१ पासून १९९४ पर्यंत ही स्ट्रिप सांभाळली. सही त्याची, पण हाताखाली मदतनीस असायचे. तेव्हा ही रेघ नक्की कुणाची, हे मी छातीठोक सांगणार नाही.

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, “यात जांभळा रंग कुठाय?”

मी समजावलं, की ओरिजिनलला रंग नसतो.

“आणि इंग्रजी आहे.”

“मुळात इंग्रजीच ना बाबा.”

“बंगाला काय लिहिलंय? डेंकाली पाहिजे.”

तेही खरं. स्ट्रिपमध्ये बंगाला, पण इंद्रजालने भारतात ‘बंगाल’शी गोंधळ नको म्हणून त्याचं डेंकाली केलं होतं. चौकटीही कापून, पुन्हा जुळवून पानात बसवलेल्या असायच्या. बाबांनी लहानपणी जे वाचलं, ते या कागदावर नव्हतंच. त्यांचा वेताळ मुंबईत छापला गेला होता, जांभळा, मराठी बोलणारा, कोपरे दुमडलेला. मी त्यांच्यासाठी जगातली सगळ्यात अस्सल वस्तू आणली होती आणि ती त्यांच्या आठवणीत कुठेच नव्हती.

तेव्हा मला माझ्या सहकाऱ्याच्या म्हणण्यातली चूक कळली. नॉस्टॅल्जियाच विकत घ्यायचा असेल तर ओरिजिनल ही सगळ्यात चुकीची वस्तू आहे. जुना छापील अंक घ्या, हजार-दोन हजारांत मिळेल, वासासकट. ओरिजिनल पान लहानपणी कुणीच बघितलेलं नसतं. आठवणीसाठी पैसे मोजणारा माणूस घरी जे घेऊन येतो, ती आठवण नसतेच. ती कुणाची तरी मंगळवारची मेहनत असते.

मग मी स्वतःवरही प्रयोग करून बघितला. मी ‘टिंकल’वर वाढलो आणि माझी आठवण म्हणजे सुप्पांडी. त्याचं मूळ रूप राम वाईरकरांचं, १९८३ पासूनचं. अमर चित्र कथेचा ‘कृष्ण’ काढणारे तेच. ते २००३ मध्ये गेले, म्हणजे मी वाचायला लागलो तोवर सुप्पांडी दुसऱ्या हाताने काढला जात होता. दोघांपैकी एकाचं ओरिजिनल घ्यायचं तर? माझी आठवण नंतरच्या हाताची. पण जुने अंक शोधून वाईरकरांचा सुप्पांडी बघितला आणि निर्णय क्षणात झाला. त्याचे पाय बघा. सगळा मूर्खपणा पायांत आहे. चेहरा गंभीर, मालकाने सांगितलेलं काम मन लावून करणारा, आणि पाय मात्र आधीच चुकीच्या दिशेला निघालेले. मला वाईरकरांचं पान हवंय. आठवण नसताना. अजून मिळालेलं नाही. आपल्याकडे अशा पानांचा उघड बाजार जवळपास नाहीच, आणि माझ्या चौकशा आतापर्यंत ‘बघतो, सांगतो’च्या पुढे गेलेल्या नाहीत.

वेताळाची स्ट्रिप फ्रेम करून हॉलमध्ये लावली. पहिले काही महिने बाबा पाहुण्यांना “मुलाने आणलंय” एवढंच सांगायचे, वस्तूबद्दल काही नाही. मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा ते खुर्चीवर उभे राहून, वीजबिलाच्या तारखा वाचायला ठेवलेलं भिंग घेऊन, तिसऱ्या चौकटीला डोळा लावून बसले होते. मला बोलावलं. वेताळाच्या मुठीभोवती पांढऱ्या रंगाचा एक पातळ थर आहे आणि उजेड तिरका पडला की त्याखाली दुसरी मूठ दिसते, जरा खाली, जरा लहान.

“इथे आधी वेगळा हात होता,” बाबा म्हणाले. “मग पुसून हा काढलाय. हाच बरोबर आहे.”